लाकडात उतरलेला आजार

माझ्या नवऱ्याने मला पहिल्यांदा मारलं तेव्हा आमची मुलगी कॉलेजात जायला लागली होती. त्याआधीच्या सगळ्या संसारात त्यांनी कधी आवाजही चढवला नव्हता.

ते गेले त्याला आता वर्ष होईल. ज्यांच्या घरातलं एखादं शांत माणूस हळूहळू कोणी दुसरंच होत चाललं आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. आजाराची माहिती पुस्तकांत मिळते. मी वर्ध्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, त्यामुळे ती पुस्तकं मला शोधता आली आणि मी ती वाचलीही. मला हवं होतं ते त्यांत नव्हतं. ज्या माणसाने सकाळी लाथ मारली, त्याला दुपारी जेवायला कसं वाढायचं, हे कोणी लिहिलेलं नव्हतं.

आधी शब्द गेले

मधुकर सेलूच्या शाळेत गणित शिकवायचे. वर्ध्याहून रोज एसटीने जायचे आणि यायचे. फळ्यावर हाताने वर्तुळ काढलं की त्याचा बटाटा व्हायचा, म्हणून खिशात सुतळी ठेवायचे. आमची सुजाता लहान असताना तिने एकदा हत्ती काढून मागितला. "हत्ती तुह्या आईले माग," ते म्हणाले, "मी तुले त्याचे पाय मोजून देतो." चित्रांशी त्यांचा संबंध तेवढाच.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांचे शब्द हरवायला लागले. पातेल्याला "थे गोल", कंपासला "टोचायचं", प्रकाशला, म्हणजे सख्ख्या धाकट्या भावाला, "थो आपला". वर्गात मुलं हसायची. एके दिवशी त्यांनी हसणाऱ्या मुलाच्या डोक्यावर डस्टर हाणलं. मुलाच्या बापाने समजूतदारपणा दाखवला, शाळेनेही दाखवला, आणि मधुकर आजारपणाच्या रजेवर घरी बसले. आम्ही म्हणालो, थकले आहेत.

त्या उन्हाळ्यात दाराची चौकट बदलायला सुतार आला होता. तो जेवायला गेला तेव्हा मधुकरांनी त्याची पटाशी आणि ती ठोकायची मोगरी उचलली आणि स्वयंपाकघराच्या दारावर एक हात कोरला. मनगटापासूनचा, शिरा फुगलेला, करंगळी थोडी वाकलेली. ती करंगळी त्यांच्या आईची होती. विळ्याने कापल्यापासून ती तशीच राहिली होती. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी भाताचं पातेलं हातात घेऊन त्या दारासमोर उभी राहिले आणि मला रडू आलं.

मग हातच हात. दारांवर, कपाटावर, पलंगाच्या पायांवर. मुठी, पंजे, एकमेकांच्या नरड्याला धरलेले हात. त्यांना जेवायला उठवावं लागायचं आणि उठवणाऱ्यावर ते दात खायचे.

आमचं कारण

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "बाई, हे बाहेरचं हाये. देवीचा संचार हाये. कोणाले तरी दाखोव."

प्रकाश अंगणातच होता. तो हसला. "मावशी, आमच्या बापानं सारे देव धाम नदीत सोडले ना, तवाच देवीचाबी पत्ता कट झाला. थे कायले येते आता?"

आमच्या घरात छप्पनच्या दीक्षेपासून देव, अंगात येणं, उतारा, काहीच उरलं नव्हतं. त्याचा आम्हाला अभिमान होता आणि आजही आहे. पण माणसाला कारण तर लागतंच. प्रकाश पोस्टात होता आणि विहाराच्या समितीचा सचिव होता. त्याने कारण शोधलं. जयंतीच्या कार्यक्रमात त्याने मोठ्या भावाला पुढे बोलावलं, त्यांनी कोरलेलं दार चार जणांकडून स्टेजवर आणवलं आणि माईकवर म्हणाला, "या हातांनी हजारो वर्षं लोकांची मेलेली ढोरं ओढली. कोणी त्यांना विचारलं नाही, तुम्हाला आणखी काय येतं. आज हे हात बोलत आहेत."

टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या. कारण इतकं खरं होतं, इतकं मोठं होतं, की दुसऱ्या कारणाची गरजच राहिली नाही. ढोरं ओढणाऱ्या हातांत कला होती, हे खरंच आहे. फक्त मधुकरांच्या बाबतीत तेवढंच खरं नव्हतं. ज्या घरात देवीवर विश्वास असतो ते मांत्रिकाकडे वेळ घालवतात. आम्ही तो टाळ्या वाजवण्यात घालवला.

स्टेजवर मधुकर हार तोडून त्यातली फुलं खात होते. लोकांना वाटलं, गुरुजी गमतीत आहेत.

खांदा

मी त्यांचा लाकडाचा भुसा झाडला, एवढंच झालं. ते मागून आले आणि मोगरी माझ्या खांद्यावर उतरली. आवाज आधी आला, दुखणं नंतर. मी पडले तेव्हा त्यांनी मला पायाने बाजूला सारलं, रस्त्यातलं पोतं सारतात तसं, आणि भुसा हातांनी गोळा करून परत जागेवर पसरला. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

ग्रंथालयात मी सांगितलं, शिडीवरून पडले. ग्रंथपालाचं ते कोणालाही पटतं. गावाबाहेरच्या मोठ्या दवाखान्यात हाड बसवणाऱ्या डॉक्टरांना मात्र पटलं नाही. त्यांनी फिल्म खिडकीकडे धरली आणि विचारलं, "कोणी मारलं?" माझ्या शेजारी बसलेले मधुकर माझा हात गळ्यात अडकवलेल्या झोळीची गाठ उलगडत होते. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि आम्हाला, सोबत आलेल्या प्रकाशलाही, दुसऱ्या खोलीत पाठवलं.

तो दिवस

तिथे एक डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी मधुकरांना घड्याळ दाखवलं. "टिकटिक." पेन दाखवलं. मधुकरांनी ते हिसकावून घेतलं आणि समोरच्या केसपेपरवर बाईंचा हात काढला. अंगठी, नखाशेजारची सोललेली कातडी, सगळं.

"सुंदर," बाई म्हणाल्या. पण त्या हसल्या नाहीत. "आधीपासून काढतात?"

"कधीच नाही," प्रकाश कौतुकाने म्हणाला.

"तेच मला काळजीचं वाटतं."

प्रकाश उठूनच उभा राहिला. "म्हणजे काय मॅडम? आमच्या माणसाले कला आली का थो आजारच असते काय?"

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "कला खरी आहे. आजारही खरा आहे. तुम्हाला दोन्ही घरी न्यावे लागतील."

नागपूरहून मेंदूच्या फिल्मा काढून आणल्यावर त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. मेंदूचा पुढचा भाग शब्द सांभाळतो आणि लगामही धरतो: हे बोलू नको, ते खाऊ नको, आता पुरे. मधुकरांचा तो भाग, विशेषतः डावीकडचा, वाळत चालला होता. कापूस वेचल्यावर बोंडाची जी रिकामी टरफलं झाडावर राहतात, तसं काहीतरी मला त्या फिल्ममध्ये दिसलं. मागचा भाग, जो आकार पाहतो आणि लक्षात ठेवतो, तो अजून शाबूत होता, आणि त्याला गप्प बसवणारं आता कोणी नव्हतं. असं थोड्याच रोग्यांत होतं, का होतं ते पुरतं कोणालाच ठाऊक नाही, असंही त्या म्हणाल्या.

"म्हणजे हे सगळं आत होतंच?" मी विचारलं.

"काहीतरी असणार. नसलेलं कुठून येईल?"

"आणि मारणं? तेही आत होतं?"

त्यांनी माझ्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे पाहिलं. "ते तुमच्यावर नव्हतं, एवढं धरून चला."

उपाय नव्हता. बाहेर येताना प्रकाश म्हणाला, "वहिनी, फोटोत काळं दिसलं म्हणून भेता काऊन? बाईले कलेतलं काय समजते?" मधुकर पुढे चालले होते. सायकल स्टँडवरच्या माणसाने त्यांना हटकलं, तर ते त्याच्या तोंडावर थुंकले.

शिवणीचा ओंडका

विहारासाठी बुद्धमूर्ती करायची ठरली. समितीने आरा मशीनवरून शिवणीच्या झाडाचा मोठा ओंडका आणला आणि आमच्या अंगणात उभा केला. मी नको म्हणाले. पण मीही जोर लावला नाही. काम असलं की ते आम्हाला मारत नसत, आणि मला स्वतःलाही पाहायचं होतं.

काय झालं ते मी पाहिलं आहे. ज्या माणसाला माझं नाव आठवत नव्हतं, त्याने त्या लाकडातून खांदे काढले, मांडी काढली, मग चेहरा. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. ओठांवर हसू नाही, हसू येण्याच्या आधीची जागा. लोक येऊन दाराशी चपला काढायचे आणि न बोलता उभे राहायचे. त्याच अंगणात मधुकर उभ्यानेच लघवी करायचे आणि कोणी पाणी विचारलं तर शिव्या द्यायचे. शब्द गेले होते, शिव्या राहिल्या होत्या.

एका सकाळी मूर्ती पूर्ण झाली. आम्हा सगळ्यांना ते दिसलं. त्यांना दिसलं नाही.

ते कोरतच राहिले. पापणी पातळ झाली. नाक बसलं. दोन दिवसांत ओठांवरची ती जागा गेली. मी तेव्हा शिकले की काढणं येणं ही कलेची अर्धी बाजू आहे. पुरे झालं हे कळणं ही उरलेली अर्धी, आणि ती त्यांच्या डोक्यातून निघून गेली होती.

प्रकाश समितीच्या दोघांसोबत हातगाडी घेऊन आला. "दादा, झालं आता. लय झ्याक झालं. सोड."

मधुकरांनी मान वर केली नाही.

"दादा, ऐकून राह्यला का? नाक गेलं ना देवा... गौतमाचं. सोड म्हणतो ना." त्याने मूर्तीच्या मांडीवर तळहात टेकवून तिला गाडीकडे कलतं केलं.

पटाशी त्या तळहातातून आरपार गेली आणि लाकडात रुतली. प्रकाश आधी ओरडला नाही. तो आपल्या हाताकडे पाहत राहिला. मधुकरांनी पटाशी उपसली, आणि त्याच पटाशीने, रक्त लागलेल्या त्याच धारेने, चेहऱ्यावरची पुढची चीर काढायला घेतली. मग प्रकाश ओरडला. दोघांनी मधुकरांना मागून धरलं तेव्हा एकाच्या दंडाचा लचका त्यांनी तोडला. सुजाताने मोगरी उचलून विहिरीत फेकली. मी काय केलं ते मला आठवत नाही. नंतर माझ्या साडीच्या पदराने प्रकाशचा हात बांधलेला होता, म्हणजे मीच बांधला असेन.

वॉर्ड

त्यांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा हात पट्टीने खाटेच्या गजाला बांधले. ते रात्रंदिवस ओढायचे. मनगटं सोलून निघाली. सकाळी झाडू, मग चहाची गाडी, मग डॉक्टरांची फेरी, मग अंग पुसणं. अंग पुसताना एकाने पाय धरायचे, एकाने डोकं. मी डोकं धरायची, कारण ते मला चावले तरी मी तक्रार करणार नव्हते.

शेजारच्या खाटेवर पवनारकडच्या एका आजींचा मुलगा होता, झटक्यांचा रोगी. एकदा मधुकरांनी माझा अंगठा दातात धरला आणि सोडेनात. आजी उठल्या, मधुकरांचं नाक चिमटीत दाबलं आणि तोंड उघडल्यावर त्यात गुळाचा खडा टाकला. "माहा बुढा असाच होता," त्या म्हणाल्या, "फक्त त्याले आजार नव्हता." आम्ही दोघी हसायला लागलो ते हसू आवरेना. सिस्टर रागवायला आली आणि तीही हसली. त्या वॉर्डात मी एवढंच हसले, पण ते मला बरेच दिवस पुरलं.

गोळी

घरी सोडताना डॉक्टर बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. "मारहाण कमी होईल. कदाचित हातही थांबतील. कोरणं बंद होईल. विचार करून सांगा म्हणत नाही मी. पण तुम्हाला सांगून ठेवते."

बाहेर लिंबाखाली आम्ही बसलो. प्रकाशच्या हाताला भलं मोठं बँडेज होतं. मला वाटलं होतं, आता तोच म्हणेल, द्या गोळ्या. तो म्हणाला, "नाई वहिनी. हात नका बांधू. आपले हात बांधलेलेच होते ना आजपर्यंत? एक सुटला, आन् तुमी त्याले गोळी देता? माहा हात भरून येईन. त्याची कला नाई येणार परत."

सुजाता म्हणाली, "काका, तुम्ही तुमच्या घरी झोपता."

"पोट्टे, मोठ्यांत बोलू नको."

"बोलणार. माझ्या खोलीला कडी नाही. त्यांनी ती कोरून काढली."

मी गोळ्या पर्समध्ये ठेवल्या. दिल्या नाहीत. लोक विचारतात, का नाही दिल्या? कारण त्या माणसाकडे आता हातांशिवाय काही उरलं नव्हतं, आणि ते बंद करायचं माझ्यावर आलं होतं. मी मोठी पटाशी लपवली, बारीक ठेवली, आणि स्वतःला सांगितलं की हा मधला मार्ग आहे.

सुजाताची परीक्षा जवळ आली होती. ती टेबलाशी वाचत बसली होती. ते टेबल सागवानी होतं आणि घरात तेवढंच एक कोरं लाकूड राहिलं होतं. मधुकर ते कोरायला आले. तिने "बाबा, थांबा" म्हटलं असेल. मी धावत गेले तेव्हा तिची वेणी त्यांच्या मुठीत होती आणि तिचं कपाळ ते टेबलाच्या कडेवर आपटत होते, लयीत, मोगरी हाणायचे त्याच लयीत. रक्त तिच्या वहीवर उडत होतं. मी मूठ सोडवायचा प्रयत्न केला. सुटेना. मी स्वयंपाकघरातून लोखंडी बत्ता आणला आणि माझ्या नवऱ्याच्या कोपरावर हाणला. एकदा. सुटली नाही. परत हाणला. हाडाचा आवाज मी ओळखत होते.

ते जमिनीवर बसले आणि माझ्याकडे पाहू लागले, घोळ झालेल्या गणिताकडे पाहतात तसे.

सुजाताच्या कपाळाला टाके पडले. संध्याकाळी मी शिरा केला आणि त्यात पहिली गोळी कुस्करून घातली.

थांबलेले हात

गोळीने काम केलं. कोपर जुळलं, पण पटाशी पुढे ठेवली तरी त्यांनी उचलली नाही. ते ओट्यावर बसून राहत. तोंडातून लाळ गळायची, मी पुसायची. घरात शांतता आली आणि त्या शांततेत मला झोप लागेना. आम्हाला कोणी मारत नव्हतं. एका मूर्तीला चेहरा नव्हता. ग्रंथालयात पुस्तकं लावताना मनात एकच यायचं: ते मी बंद केलं.

प्रकाशने येणं सोडलं होतं. एकदा बाजारात भेटला. वांगी निवडता निवडता, वर न पाहता म्हणाला, "माह्या भावाचे हात तुमी तोडले, वहिनी. बत्त्यानं नाई म्हणत मी." मी पिशवी घेऊन घरी आले. माझंही तेच मत होतं.

अशी बरीच वर्षं गेली. मग अंग आखडायला लागलं. चालताना ते लाकडासारखे पडायचे. डॉक्टर बाई म्हणाल्या, गोळ्यांमुळे असेल, काही आठवडे पूर्ण बंद करून पाहू, पण सांभाळा.

हे प्रकाशच्या कानावर गेलं आणि तो आला. सोबत शिवणीचा तुकडा, विटेएवढा, आणि धार बोथट केलेली पटाशी. इतक्या वर्षांनी माझ्याकडे सरळ पाहत म्हणाला, "आता पाहू." मला राग आला नाही. मलाही पाहायचं होतं. त्याच्यापेक्षा जास्त मला पाहायचं होतं. गोळी थांबल्यावर हात परत आले, तर ते मीच मारले होते हे नक्की होणार होतं.

पहिले दिवस काहीच नाही. प्रकाश रोज पोस्टातून सुटला की यायचा, भावाच्या हातात लाकूड द्यायचा, आपल्या वाकड्या झालेल्या पंजाने त्यांची बोटं पटाशीभोवती मिटवायचा. "दादा, कर ना. एक रेघ काढ. आईची करंगळी काढ ना." मधुकर लाकडाचा वास घ्यायचे. पटाशी चोखायचे. मग त्यांची नजर हलायला लागली, खांदे उचलायला लागले. प्रकाश मला म्हणाला, "येऊन राह्यलं, वहिनी. पाहा, येऊन राह्यलं."

येतच होतं. रविवारची दुपार होती. मी भात कालवून त्यांच्यासमोर बसले आणि घास पुढे केला. त्यांनी तो शिवणीचा तुकडा दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या तोंडावर मारला. परत मारला. मी मागे पडले. समोरचे दोन दात तोंडात सुटे झाले होते, भात आणि रक्त एकत्र. तिसऱ्यांदा ते माझ्या अंगावरच बसले. प्रकाश आडवा आला आणि त्याने भावाला मागे ओढून जमिनीवर दाबून धरलं. "काऊन दादा? काऊन?" तो रडत होता. "वहिनी हाये ना रे थे. काऊन?"

तुकडा माझ्या गालाशी येऊन पडला होता. मी तो हातात घेतला आणि उलटा करून पाहिला, चारी बाजूंनी. इतके दिवस तो त्यांच्या हातात होता. त्यावर माझं रक्त होतं. एकही चीर नव्हती, साधा ओरखडाही नव्हता. कोरणारा माणूस गोळ्यांच्या मागे थांबलेला नव्हता. तो कधीचाच निघून गेला होता, आपल्या वेळेने, कोणाच्याही हाताने नाही.

मी तो तुकडा प्रकाशपुढे धरला. त्याने पाहिला. भावाला सोडलं नाही, पण रडणं थांबवलं. मग म्हणाला, "गोळी कुठी ठेवली, वहिनी? मी देतो."

माझ्या तोंडात रक्ताची चव होती, आणि खूप वर्षांनी मला हलकं वाटत होतं.